आठवड्याचा बाजार आणि घरचें ताट

महिन्याची वीस-बावीस तारीख उलटली म्हणजे पगारावर चालणाऱ्या घरांतून एक आवाज ऐकूं येऊं लागतो. डाळीच्या डब्याच्या तळाला वाटी खरडल्याचा तो आवाज. पहिल्या आठवड्यांत डबा भरलेला असतो. वाटी आंत बुडते आणि निमूटपणें भरून वर येते. शेवटच्या आठवड्यांत तीच वाटी तळाशीं घासूं लागते, आणि गृहिणीच्या मनांत बेरीज-वजाबाकी सुरू होते. घट्ट वरणाची पातळ आमटी होते, उसळीच्या जागीं बटाट्याचा रस्सा येतो, फळांची टोपली रिकामी पडते. दहा तारखेला चौरस जेवणारें कुटुंब पंचवीस तारखेला नुसतें पोट भरूं लागतें.

उत्पन्न तेंच, माणसें तींच, भूकहि तीच. मग एकाच घरांत, एकाच महिन्यांत दोन प्रकारचीं जेवणें कां व्हावीं? या प्रश्नाचा आज थोडा विचार करावा असा माझा हेतु आहे. स्वस्त पदार्थांच्या कृति मी सांगणार नाहीं. त्या तुमच्यापैकीं पुष्कळांना माझ्याहून चांगल्या येत असतील. थोड्या पैशांत घराला चांगलें जेवूं घालणें ही गोष्ट हाताच्या चवीपेक्षां मांडणीवर अधिक अवलंबून असते, आणि मांडणी शिकतां येते.

मला हा विषय सुचला तो माझ्या आईच्या वहीमुळें. ती हयात असेपर्यंत घरखर्चाची वही लिहीत असे. वडिलांचा पगार कारकुनाचा. घरांत खाणारीं तोंडें सहा. १९७२ च्या दुष्काळांत रेशनच्या दुकानांतून तांबडा मिलो घरीं येई आणि त्याच्या भाकऱ्या थापतांना तुटत, त्या दिवसांचींहि पानें त्या वहींत आहेत. त्या वहीची खुबी अशी कीं, तिच्यांत महिने नाहींत, आठवडे आहेत. दर शनिवारीं रात्रीं आई एक रेघ ओढी आणि रेघेखालीं पुढच्या सात दिवसांची मांडणी करी. त्या वहींतून मी जें शिकलें तें आज सांगणार आहें. आणि त्या वहींत जें लिहिलेलें नव्हतें तेंहि शेवटीं सांगणार आहें, कारण मला तेंच अधिक महत्त्वाचें वाटतें.

पहिली गोष्ट कालगणनेची. महिन्याचे चार आठवडे असें आपण सहज बोलून जातों. पण चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस. फेब्रुवारी सोडला तर प्रत्येक महिन्यांत त्यापुढें दोन किंवा तीन दिवस उरतात. बारा चोक अठ्ठेचाळीस. वर्षाचे आठवडे मात्र बावन्न. म्हणजे महिन्याच्या रकमेचे चार भाग करून खर्च करणाऱ्या घरांत वर्षांतले चार आठवडे हिशेबांतच धरलेले नसतात. हिशेब त्यांना विसरला तरी भूक विसरत नाहीं. महिनाअखेरची ओढाताण पुष्कळ घरांत उधळपट्टीमुळें होत नाहीं, या चुकीच्या भागाकारामुळें होते.

उदाहरणादाखल असें धरूं कीं, वाणसामान, दूध, भाजी आणि फळें मिळून एका घराला महिना १३,००० रुपये खर्च करतां येतात. त्याचे चार भाग केले तर आठवड्याला ३,२५० रुपये पडतात. पण वर्षाची रक्कम १,५६,००० रुपये घेऊन तिला बावन्नांनीं भागलें तर आठवड्याला बरोबर ३,००० रुपये येतात. हें अडीचशें रुपयांचें अंतर म्हणजेच डब्याच्या तळाचा आवाज. तेव्हां आपल्या घरची जी रक्कम असेल तिला बारांनीं गुणा, बावन्नांनीं भागा, आणि जो आंकडा येईल तोच आपला आठवडा असें समजा.

याचा अर्थ सगळा बाजार आठवड्याला करावा असा मात्र नाहीं. धान्य आणि डाळी महिन्याच्या किंवा वर्षाच्या एकदम घेतल्या तर स्वस्त पडतात, आणि ज्यांना तें शक्य आहे त्यांनीं तसेंच करावें. फक्त मोठ्या डब्यांतून रोज काढूं नये. रविवारीं सकाळीं आठवड्याची डाळ, आठवड्याचें तेल, आठवड्याचे शेंगदाणे मापून लहान डब्यांत व बाटलींत काढावेत आणि मोठा डबा फळीवर चढवावा. लहान डबा शनिवारपर्यंत पुरवावयाचा. त्यामुळें चूक झालीच तर ती तीन-चार दिवसांत लक्षांत येते व त्याच आठवड्यांत दुरुस्त होते. महिन्याच्या शेवटीं सगळ्या कुटुंबाच्या ताटांत येऊन पडत नाहीं.

आतां आठवड्याला घराला लागतें किती? हा प्रश्न शास्त्रज्ञांनीं आपल्या देशांत फार पूर्वींच हातीं घेतला होता. निलगिरींतील कुन्नूर येथें आहारविषयक संशोधन चालत असे. तेथील डॉ. आयक्रॉइड यांनीं १९३७ सालीं भारतीय खाद्यपदार्थांचीं पोषणमूल्यें देणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पुरेसा आहार कसा आंखावा याचेंहि विवेचन तिच्यांत होतें. ती संशोधनसंस्था १९५८ सालीं हैदराबादला गेली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. या संस्थेनें २०२४ सालीं आहाराचीं नवीं मार्गदर्शक सूत्रें दिलीं. त्यांत दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसासाठीं कच्च्या वजनाचें एक ताट सांगितलें आहे : धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यें ८५ ग्रॅम, पालेभाज्या धरून सर्व भाज्या ४०० ग्रॅम, फळें १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तिळांसारखीं तेलबियांचीं व कवचाचीं फळें ३५ ग्रॅम, आणि तेल-तूप २७ ग्रॅम. अंडीं, मासे किंवा मांस खाणाऱ्यांनीं डाळीचा कांहीं भाग त्यांनीं भरून काढावा.

हे आंकडे रोजचे आहेत, म्हणून ते घरांत कोणी वापरीत नाहीं. आपण त्यांचा आठवडा करूं. चार प्रौढ माणसांच्या घराला सात दिवसांत धान्य ७ किलो, डाळी-कडधान्यें सुमारें २ किलो ४०० ग्रॅम, भाज्या ११ किलोंहून थोड्या अधिक, फळें पावणेतीन किलो, दूध साडेआठ लिटरांच्या आंत-बाहेर, शेंगदाणे-तीळ वगैरे एक किलोच्या आंत, आणि तेल-तूप सुमारें पाऊण किलो. लहान मुलांना याहून कमी लागेल, अंगमेहनत करणाराला धान्य अधिक लागेल. कागद-पेन्सिल जवळ असेल तर एवढें टिपून ठेवा, आणि येत्या रविवारीं आपल्या पिशवींतल्या वजनांशीं ताडून पाहा.

बहुतेक शहरी घरांतून काय आढळेल तें मी आतांच सांगूं शकतें. धान्य सात किलोंहून जास्त निघेल, तेल पाऊण किलोच्या पुष्कळ पुढें गेलेलें असेल, साखर अंदाजाबाहेर असेल. आणि डाळी व भाज्या यांचें वजन निम्म्यावर आलें तरी मला नवल वाटणार नाहीं. म्हणजे पैसा कमी पडतो हें खरें असलें, तरी जो आहे तोहि चुकीच्या पारड्यांत पडत असतो. पोळ्या वाढवून आणि वरण पातळ करून घर भागविणें ही काटकसर दिसते, पण ती शरीराकडून काढलेली उसनवारी असते. तेल पाऊण किलोवर आणलें कीं जे पैसे वांचतात त्यांतूनच डाळीची तूट बरीच भरून निघते.

दुसरी गोष्ट निवडीची. आपली निवड भुकेपेक्षां संवयीनें होते. तुरीची डाळ हें त्याचें उत्तम उदाहरण. वरण म्हटलें कीं तुरीचें, अशी आपली ठाम समजूत. तूर महागली कीं आपण वरण पातळ करतों, पण डाळ बदलीत नाहीं. वास्तविक मूग, मसूर, हरभरा, चवळी, मटकी, कुळीथ या सर्वांत शंभर ग्रॅमला २० ते २४ ग्रॅमांच्या आसपास प्रथिनें असतात. तुरींत सुमारें २२. पोषणाच्या दृष्टीनें एकीची जागा दुसरीनें घेतली तर घराचें कांहींएक नुकसान होत नाहीं. आठवड्यांत दोन दिवस मसुरीची आमटी, एक दिवस कुळथाचें पिठलें, दोन दिवस मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ, आणि उरलेले दिवस तुरीचें वरण अशी फिरती ठेवली तर चवहि बदलते आणि तुरीच्या भावाची धास्तीहि उरत नाहीं.

भाव सतत बदलतात, म्हणून मी आपणांस भाव सांगत नाहीं. भाव जोखण्याची रीत सांगतें. एक किलोचा भाव घ्या, त्या किलोंत प्रथिनें किती ग्रॅम आहेत तें पाहा, आणि शंभर ग्रॅम प्रथिनांना काय पडतें तें काढा. समजा, तुरीची डाळ किलोला १६० रुपये, मसूर १०० रुपये, शेंगदाणे १४० रुपये, पनीर ४०० रुपये आणि अंडें एकाला सात रुपये असें आहे. तर शंभर ग्रॅम प्रथिनांना मसुरींतून ४२ रुपये पडतात, शेंगदाण्यांतून ५६, तुरींतून ७३, अंड्यांतून ११७ आणि पनीरमधून २२२ रुपये. अंड्यांतील प्रथिन दर्जानें सरस असतें आणि अंड्याला शिजवण्याची यातायात नाहीं, म्हणून खाणाऱ्यांनीं त्याला आठवड्यांत जागा ठेवावी. पण पाहुणा आला म्हणून पनीर आणावयाचें आणि त्याची भरपाई म्हणून चार दिवस वरण पातळ करावयाचें, हा व्यवहार किती महाग आहे तें या आंकड्यांवरून दिसेल.

माशांच्या बाबतींतहि हाच न्याय. ज्या घरांतून मासे खातात तेथें पापलेटाला मान आहे; परंतु बांगडा आणि तारली यांतलें प्रथिन पापलेटाहून उणें नाहीं, आणि बाजारांत ते पापलेटापेक्षां पुष्कळ स्वस्त मिळतात. दरवर्षीं जून-जुलैंत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. तेव्हां सुकट आणि जवळा घरांत असला म्हणजे पावसाळ्याची उणीव भासत नाहीं. कोंकणांतल्या बायका उन्हाळ्यांतच ही तरतूद करून ठेवतात, ती कांहीं उगाच नव्हे.

येथें एक शास्त्रीय मर्म लक्षांत ठेवण्यासारखें आहे. धान्यांतल्या प्रथिनांत लायसीन नांवाचा एक घटक कमी असतो. डाळींत तो भरपूर असतो. डाळींत जो घटक उणा असतो तो धान्यांत असतो. दोन्ही एकत्र आलीं कीं एकमेकांची उणीव भरून काढतात. वर सांगितलेल्या ताटांत धान्य २५० आणि डाळ ८५, म्हणजे जवळजवळ तीन भाग धान्याला एक भाग डाळ, हें प्रमाण म्हणूनच पडलें आहे. आपली खिचडी, वरण-भात, भाजणीचें थालीपीठ, पुरणपोळी हीं सर्व याच सूत्राचीं रूपें आहेत. खिचडींत डाळ मूठभर टाकण्याऐवजीं तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घातली कीं तेंच साधें जेवण सकस होतें.

नाचणीविषयीं दोन शब्द. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें, तेव्हांपासून या धान्यांचें पुष्कळ कौतुक झालें आणि सुबक वेष्टनांत तीं महागहि झालीं. ज्वारी शहरांत कित्येकदां गव्हाहून महाग असते. अशा वेळीं हट्टानें ती घेण्याचें कारण नाहीं. नाचणीचें मात्र वेगळें आहे. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तितक्याच दुधांत तें सुमारें १२० असतें. ज्या घराला चार माणसांना साडेआठ लिटर दूध परवडत नाहीं, आणि अशीं घरें पुष्कळ आहेत, त्यांनीं पोळीच्या पिठांत चौथा हिस्सा नाचणी मिसळावी, सकाळीं आंबील करावें, तीळ वापरावेत. दूध कमी करावें, पण अजिबात बंद करूं नये. शाकाहारी माणसाला बी-१२ हें जीवनसत्त्व दूध-दह्यांतूनच मिळतें, तें डाळींतून किंवा भाजींतून मिळत नाहीं.

भाज्या आणि फळें यांत तर संवय आणि प्रतिष्ठा या दोघीच बाजार करतात. आजाऱ्याला भेटावयास जातांना आपण सफरचंदें नेतों. सफरचंद काश्मीर-हिमाचलाहून प्रवास करून येतें, म्हणून महाग असतें. त्यांत क जीवनसत्त्व अगदीं थोडें. हिवाळ्यांत आपल्या दारावरून हातगाडीनें जाणाऱ्या पेरूंत शंभर ग्रॅमला तें दोनशें मिलिग्रॅमांच्या घरांत असतें, आणि आंवळ्यांतहि विपुल असतें. पालेभाज्यांत शेवग्याचा पाला, माठ, राजगिरा, चवळई, अंबाडी यांना शहरी बाजारांत मान नाहीं, म्हणूनच त्या पुष्कळ वेळां स्वस्त असतात. मुळ्याचा पाला, नवलकोलाचीं पानें, फ्लॉवरचे कोंवळे देंठ आणि पानें हीं आपण पैसे देऊन विकत घेतों आणि भाजीवाल्याच्याच टोपलींत टाकून येतों. मुळा चिरून कोशिंबीर करावी आणि त्याच्या पाल्याची डाळ घालून भाजी करावी. एका जुडींत दोन पदार्थ होतात.

भाजी आणतांना ती कोणत्या क्रमानें खावयाची तें आधीं ठरवावें. रविवारीं आणलेली मेथी किंवा पालक मंगळवारच्या आंत संपवावी. मग गवार, वांगीं, भेंडी. मग कोबी, दुध्या, लाल भोपळा. आणि शुक्रवार-शनिवारीं कडधान्य. असा क्रम ठरलेला नसला कीं मेथीची जुडी शुक्रवारीं पिवळी होऊन निघते. फेकून दिलेल्या जुडीचा हिशेब कोणी लिहीत नाहीं, म्हणून ती फुकट गेल्याचें कोणाला वाटत नाहीं. भाजी चिरण्यापूर्वीं धुवावी, चिरून धुऊं नये. कडधान्य रात्रीं भिजवावें म्हणजे गॅसहि कमी जळतो. उरलेल्या अन्नाचाहि क्रम असावा. रात्रीं भात उरेल असें दिसलें तर तो ओट्यावर न ठेवतां वेळींच फ्रिजमध्यें ठेवावा आणि सकाळीं चांगला वाफवून फोडणी द्यावी. उष्ण हवेंत रात्रभर बाहेर राहिलेला भात पोट बिघडवूं शकतो, आणि औषधाचा खर्च कोणत्याहि भातापेक्षां जास्तच.

आतां एका चोराचें नांव घेतलें पाहिजे. तो स्वयंपाकघरांत शिरतो तो मुलांचा मित्र म्हणून. बिस्किटें, वेफर्स, तयार शेवया, गोड पेयें, फरसाण यांच्या लहान लहान पुड्या पांच-दहा रुपयांच्या असतात. म्हणून त्या खर्चांत धरल्या जात नाहींत. शिवाय पुडीची किंमत तीच राहते आणि आंतलें वजन हळूंच कमी होतें. वेष्टनावर बारीक अक्षरांत तें छापलेलें असतें, पण वाचतो कोण? एक आठवडाभर सगळीं रिकामीं वेष्टनें एका पिशवींत जमवा आणि शनिवारीं त्यांच्यावरच्या किंमतींची बेरीज करा. माझ्या परिचयाच्या एका घरांत ती बेरीज आठवड्याच्या सगळ्या डाळींच्या किंमतीपेक्षां जास्त निघाली. मुलांना मधल्या वेळीं भूक लागते ती खरी असते. तिला उत्तर दिलेंच पाहिजे. भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, कांदा-टोमॅटो घातलेले मुरमुरे, भिजवलेल्या मुगाची भेळ हीं उत्तरें स्वस्त आहेत आणि टिकणारीं आहेत. मात्र तीं तयार करून हाताशीं ठेवलेलीं असलीं पाहिजेत. भुकेलेल्या मुलाला उपदेश पटत नाहीं.

श्रोतेहो, येथपर्यंत मीं जें सांगितलें तें बहुतेक सर्व माझ्या आईच्या वहींत या ना त्या रूपानें होतें. आतां जें नव्हतें तें सांगतें.

आई सेहेचाळीस वर्षांची असतांना जिना चढतां चढतां मधल्याच पायरीवर बसूं लागली. प्रथम आम्हीं तें वयावर ढकललें. पुढें एक दिवस ओट्यापाशीं तिला घेरी आली, तेव्हां तिला डॉक्टरांकडे नेलें. डॉक्टरांनीं रक्त तपासावयास सांगितलें आणि सहज विचारलें, "बाई, काल दिवसभरांत काय खाल्लें?" आई म्हणाली, "काल वरण-भात, मेथीची भाजी, मटकीची उसळ आणि पोळ्या केल्या होत्या." डॉक्टर म्हणाले, "केलें काय तें नाहीं विचारलें. खाल्लें काय?" यावर आई गप्प बसली. तिला खरोखरच आठवत नव्हतें. मी तिच्या शेजारीं उभी होतें, आणि मलाहि सांगतां आलें नाहीं.

रक्ताचा अहवाल आला. स्त्रीच्या रक्तांत हिमोग्लोबिन बारा असावें अशी अपेक्षा असते. तिचें सात होतें. ज्या घरांत एक दाणा वायां जात नव्हता, ज्या घरांत मुलांच्या वाटींत कधीं खाडा पडला नाहीं, त्या घराचा हिशेब कोठें जुळत होता तें त्या दिवशीं समजलें. मुलें जेवलीं, वडील जेवले, आणि मग पातेल्यांत जें उरलें तें तिचें जेवण. उसळ संपलेली असे. तिचा रस्सा पोळीला लावून ती उठे. वहींत प्रत्येक पैचा जमाखर्च होता, पण या बचतीची नोंद कोठेंच नव्हती. सगळ्यांत मोठी बचत तीच होती.

हें केवळ आमच्या घरचें दुःख असतें तर मीं तें येथें बोलून दाखविलें नसतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वर्षें वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी आढळलें. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २५ होतें. मासिक धर्म आणि बाळंतपण यांमुळें स्त्रीच्या शरीराला लोह अधिक लागतें, हें या अंतराचें एक कारण आहे. पण जिला अधिक लागतें तिनेंच शेवटीं आणि उरलेलें खावयाचें, हा आमच्या घरांचा नियम आहे. आणि हात आंखडता झाला कीं हा नियम अधिकच कडक होतो. त्याला आपण त्याग म्हणतों, वात्सल्य म्हणतों. हिशेबाच्या भाषेंत बोलावयाचें तर ती एका माणसाच्या नांवावर गुपचुप काढलेली उचल आहे, आणि ती फेडावी लागते.

म्हणून माझी शेवटची सूचना मी आठवड्याच्या मांडणींतच घालतें. स्वयंपाक झाल्यावर वाढण्यापूर्वीं डाळ, उसळ आणि भाजी यांच्या वाट्या भरून घ्याव्यात; घरांत जितकीं माणसें तितक्या वाट्या, आणि त्यांत स्वयंपाक करणारीचीहि एक. शक्य असेल तेव्हां एका वेळीं जेवावयास बसावें. वाटी आधींच भरलेली असली म्हणजे "मला नको, तुम्ही घ्या" असें म्हणण्याची वेळ येत नाहीं. ताटांत लिंबाची फोड असावी किंवा जेवणानंतर पेरूची, आंवळ्याची फोड खावी. क जीवनसत्त्वामुळें भाजी-डाळींतलें लोह अंगीं लागतें. जेवणाला लागूनच चहा घेऊं नये. तो लोहाला अडवितो. एवढें करूनहि दम लागणें, घेरी येणें, चेहरा पांढुरका दिसणें चालूच असेल तर रक्त तपासून घ्यावें. एकदां रक्त फार उतरलें कीं नुसत्या पालेभाजीनें तें भरून येत नाहीं. डॉक्टरांनीं दिलेल्या लोहाच्या गोळ्या नेमानें घ्याव्या लागतात. आईनेंहि त्या घेतल्या आणि ती सावरली. पुढें पुष्कळ वर्षें आम्हांला लाभली.

हें सर्व मी केवळ गृहिणींना सांगत आहें असें मात्र कोणी समजूं नये. उलट, घरांतल्या पुरुषांनीं आणि मोठ्या मुलांनीं ही गोष्ट अधिक मनावर घ्यावी असें माझें सांगणें आहे. जी स्वतःच्या ताटांतून बचत करते ती तसें कधीं बोलून दाखवीत नाहीं. तें दुसऱ्यांनींच पाहिलें पाहिजे. भागाकार करणें, वेष्टनें मोजणें, रविवारीं बाजारांत जाऊन मुळा पाल्यासकट आणणें, आणि जेवतांना पातेल्यांत डोकावून किती उरलें आहे तें पाहणें, यांतलें एकहि काम असें नाहीं कीं जें पुरुषाला जमणार नाहीं.

डॉक्टरांकडून आल्यानंतरच्या शनिवारीं आईनें नेहमींप्रमाणें वहींत रेघ ओढली. त्या रेघेखालीं डाळ, तांदूळ, तेल, भाजी लिहून झाल्यावर वडिलांनीं पेन्सिल घेतली आणि आपल्या हातानें एक ओळ वाढविली : "उसळीच्या वाट्या सहा." त्यापुढच्या प्रत्येक आठवड्याखालीं ती ओळ आहे. आईची वही मीं जपून ठेवली आहे ती त्या एका ओळीसाठीं.

येत्या शनिवारीं आपणहि अशी एक रेघ ओढावी, एवढीच विनंती.